गोळी हृदयाची, तपासणी थायरॉईडची

औषधवही (धागाकर्ती)

आमच्या इमारतीतले एक काका, वय चौऱ्याहत्तर, परवा संध्याकाळी गोळ्यांची स्ट्रिप घेऊन घरी आले. अॅमिओडॅरोन, २०० मिलिग्रॅम. "ही ठोक्यांची गोळी ना? मग डॉक्टरांनी थायरॉईडचं रक्त का तपासायला सांगितलंय? आणि ठोके आता घड्याळासारखे पडताहेत, तर गोळी बंद केली तर काय बिघडेल?"

मी बावीस वर्षे वैद्यकीय महाविद्यालयात औषधशास्त्र शिकवले. तरी काकांना नीट उत्तर द्यायला दीड तास आणि दोन वेळचा चहा लागला. ही गोळी घेणारी माणसे इथल्या अनेकांच्या घरात असतील, म्हणून ते उत्तर लिहून काढते आहे.

ठोका हृदयातच जन्मतो, त्याला मेंदूच्या हुकमाची वाट बघावी लागत नाही. तो नेमका कुठे जन्मतो ते कळायला मात्र विसावे शतक उजाडावे लागले. १९०६ मध्ये सुनाओ तवारा या जपानी संशोधकाने जर्मनीत मारबुर्गला हृदयाच्या वरच्या आणि खालच्या कप्प्यांना जोडणारा विजेचा पूल शोधला. त्याला आपण एव्ही नोड म्हणतो. पुढच्याच वर्षी इंग्लंडमध्ये आर्थर कीथ आणि त्यांचा तरुण विद्यार्थी मार्टिन फ्लॅक यांनी ठोक्याचे उगमस्थान जगापुढे मांडले, तो सायनस नोड. फ्लॅकला तो पहिल्यांदा दिसला मोल नावाच्या, जमिनीत बिळे करणाऱ्या इवल्याशा प्राण्याच्या हृदयात. हे मला फार सुंदर वाटते.

या नोडच्या पेशींना स्वस्थ बसताच येत नाही. खालच्या कप्प्यांतल्या पेशी दोन ठोक्यांच्या मध्ये उणे ९० मिलिव्होल्टवर निवांत असतात. सायनस नोडच्या पेशी उणे ६० च्या आसपास पोचल्या की लगेच आपोआप वर सरकू लागतात, कारण सोडियम थोडे थोडे आत झिरपत असते. उंबरठा ओलांडला की ठोका. या झिरपण्याचे वर्णन १९७९ मध्ये झाले. पेशी अधिक ऋण झाल्यावर उघडणारा प्रवाह हृदयशास्त्रात इतका अनपेक्षित होता की शोधणाऱ्यांनी त्याला 'फनी करंट' म्हटले आणि तेच नाव पाठ्यपुस्तकांत जाऊन बसले.

सायनस नोड मिनिटाला ६० ते १०० ठोके देतो. तो दमला तर एव्ही नोडचा परिसर ४० ते ६० देतो, आणि त्याच्याही खाली पुर्किंजे तंतू २० ते ४०. म्हणून नाडी पस्तीस असलेला माणूस कधी कधी स्वतःच्या पायांनी ओपीडीत येतो.

एव्ही नोडमध्ये वीज रेंगाळते, सेकंदाचा साधारण दहावा भाग. तेवढ्यात वरचे कप्पे आपले रक्त खाली ओतून मोकळे होतात. पुढे पुर्किंजे तंतूंतून ती सेकंदाला दोन ते चार मीटर वेगाने पसरते. लाट पेशीपर्यंत आली की सोडियमची दारे क्षणात उघडतात. मग कॅल्शियम आत येते आणि पेशी आवळली जाते. शेवटी पोटॅशियम बाहेर पडून पेशी पूर्वपदावर येते. यातला बहुतेक काळ पेशी बहिरी असते, दुसरा कुठलाही ठोका तिला ऐकू येत नाही. हा बहिरा काळ लक्षात ठेवा, पुढचे सगळे त्याच्यावर उभे आहे.

उन्हाळ्यात सह्याद्रीत वणवा लागलेला पाहिला असेल. गवत जळत आग पुढे जाते आणि मागे काळी जमीन उरते. ती लगेच पुन्हा पेटत नाही, म्हणून वणवा एका दिशेने जाऊन विझतो. निरोगी ठोका असाच जातो आणि विझतो. आता मध्ये एक कातळ आहे अशी कल्पना करा. हृदयविकाराच्या झटक्यानंतर मेलेल्या स्नायूचा जो वण राहतो, तो हा कातळ. आग त्याला वळसा घालते, आणि ती फिरून मूळ जागी येईपर्यंत तिथे गवत पुन्हा उगवलेले असेल तर तिथे पुन्हा पेटते. मग ती गोल गोल फिरतच राहते. हृदयाच्या बऱ्याच जलद लयींमागे हे वर्तुळ असते.

ते तोडायचे दोन मार्ग. गवत उशिरा उगवेल असे करायचे, म्हणजे पोटॅशियमची वाट अडवून बहिरा काळ लांबवायचा. सोटॅलॉल हे करते. किंवा आगच इतकी कमजोर करायची की अरुंद जागेतून तिला पुढे सरकताच येऊ नये, म्हणजे सोडियमची दारे अडवायची. क्विनिडीन, फ्लेकेनाईड, लिग्नोकेन ही त्या घरातली. बीटा ब्लॉकर आणि व्हेरापामिल, डिल्टियाझेम ही मुख्यतः एव्ही नोडच्या नाक्यावर काम करतात. ऑक्सफर्डच्या व्हॉन विल्यम्स यांनी १९७० मध्ये मांडलेली आणि पुढे चार गटांची झालेली विभागणी ती हीच. त्यातल्या अॅमिओडॅरोन आणि व्हेरापामिलवरचे महत्त्वाचे काम त्यांचे विद्यार्थी ब्रह्मा सिंग यांचे. ते भारतीय वंशाचे, फिजीत जन्मलेले.

क्विनिडीनची गोष्ट सांगायचा मोह आवरत नाही. १९१२ मध्ये एक डच व्यापारी हृदयतज्ज्ञ डॉ. वेंकेबाख यांच्याकडे आला. ठोके अनियमित होते. वेंकेबाख म्हणाले, यावर माझ्याकडे उपाय नाही. तो म्हणाला, मी स्वतः करून दाखवतो, आणि दुसऱ्या दिवशी नियमित नाडी घेऊन हजर झाला. त्याने काय घेतले होते? कोयनेल. आपल्या आज्या हिवतापाला देत तेच. १९१८ मध्ये वाल्टर फ्राय यांनी दाखवले की कोयनेलचे भावंड क्विनिडीन हृदयावर जास्त प्रभावी आहे.

आता ज्याच्यासाठी हा धागा काढला तो भाग. १९८० च्या दशकात सगळे मानत होते की हृदयविकाराच्या झटक्यानंतर जादा ठोके पडणारे रुग्ण जास्त मरतात, म्हणून ते ठोके दाबले की माणसे वाचतील. फ्लेकेनाईड आणि एन्केनाईड ते ठोके उत्तम दाबत. मग अमेरिकेत 'कास्ट' नावाची चाचणी झाली. ज्यांचे ठोके या औषधांनी दबतात असेच रुग्ण निवडले आणि निम्म्यांना औषध, निम्म्यांना नुसती साखरेची गोळी दिली. १९९१ मध्ये पूर्ण आकडे छापून आले. औषध घेणाऱ्या ७५५ पैकी ६३ जण गेले, न घेणाऱ्या ७४३ पैकी २६. इसीजी स्वच्छ झाला होता आणि माणसे मरत होती. दरवर्षी वर्गात हा तक्ता फळ्यावर लिहिताना माझा हात थांबायचा. या औषधांनी अमेरिकेत किती जणांचे ठोके सुधारले असतील आणि किती जण गेले असतील, हा हिशोब मनातून जात नसे.

काकांच्या प्रश्नावर येते. अॅमिओडॅरोन बेल्जियममध्ये १९६१ मध्ये तयार झाले, तेही छातीत दुखण्यावर. ठोक्यांसाठी त्याची ख्याती झाली ती सत्तरच्या दशकात अर्जेंटिनातल्या रोझेनबाउम यांच्या कामानंतर. त्याच्या रेणूत वजनाने ३७ टक्के आयोडीन आहे. २०० मिलिग्रॅमच्या एका गोळीत ७५ मिलिग्रॅम, आणि त्यातले सहा-सात मिलिग्रॅम रोज शरीरात सुटे होते. आपली रोजची गरज आहे ०.१५ मिलिग्रॅम. थायरॉईडला चाळीसपट आयोडीन रोज मिळाले तर ती ग्रंथी मंदावते किंवा भडकते. म्हणून टीएसएच, म्हणजे थायरॉईडची रक्ततपासणी.

आणि बंद केली तर? हे औषध चरबीत साठते. अर्धे बाहेर पडायला सरासरी दोन महिने लागतात. म्हणजे आज गोळी सोडली तर पहिले काही आठवडे काहीच बिघडणार नाही, काकांना वाटेल आपले बरोबर होते, आणि मग कधीतरी ठोके परत सुटतील. त्यांना मी एवढेच म्हटले, बंद करायची असेल तर ज्यांनी लिहून दिली त्यांच्यासमोर बसून करा.

---

कातळमाथा

वणव्याचे उदाहरण पक्के बसले. पण एक शंका. आग कमजोर करणारे औषध वर्तुळ तोडते, तर 'कास्ट'मध्ये माणसे जास्त का मेली?

औषधवही

कातळमाथा, अगदी मर्मावर बोट ठेवलेत. आग कमजोर केली की ती मंदही चालते. वर्तुळ लहान असेल तर ती विझते. पण मोठ्या कातळाला वळसा घालणारी मंद आग मूळ जागी उशिरा पोचते, आणि तोवर तिथे गवत उगवलेले असते. एरवी विझून गेली असती ती आग आता फिरत राहते. म्हणजे औषधाने वर्तुळ तयार करून दिले. त्यात हृदयाला रक्त कमी पडले किंवा ठोके वाढले की फ्लेकेनाईडचा अडथळा आणखी तीव्र होतो, कारण ते उघड्या दारांना जास्त चिकटते. ज्या गुणाने ते बरे करते त्याच गुणाने ते मारते. म्हणून आज वण असलेल्या हृदयात फ्लेकेनाईड देत नाहीत. निरोगी हृदयाच्या माणसाला ते चांगले उपयोगी पडते.

सोटॅलॉलचे उलटे. त्याचा परिणाम ठोके मंद असताना जास्त होतो. बहिरा काळ फार लांबला की पेशी परत येता येता मध्येच पुन्हा उसळते आणि इसीजीवर टोके पिळवटल्यासारखी दिसणारी एक लय येते. १९६६ मध्ये देसेर्तेन या फ्रेंच डॉक्टरांनी तिला 'टोर्साद द पॉइंट्स' नाव दिले. सोटॅलॉल मूत्रपिंडावाटे बाहेर जाते, म्हणून क्रिएटिनिन वाढलेल्या वयस्कर माणसात ते साठते. जुलाबांनी पोटॅशियम कमी झालेले असेल तर धोका आणखी. घरात कोणी ही गोळी घेत असेल तर डोमपेरिडोन, अॅझिथ्रोमायसिन, ऑन्डॅनसेट्रॉन अशी वरवर साधी औषधे दुकानातून आणण्याआधी डॉक्टरांना विचारा. तीही तीच पोटॅशियमची वाट अडवतात.

---

दूरदेशी_मंजिरी

मी डब्लिनला असते. नवऱ्याला अधूनमधून एट्रियल फिब्रिलेशन (वरच्या कप्प्यांची अनियमित थरथर) होते, हृदय बाकी ठणठणीत. इथल्या डॉक्टरांनी फ्लेकेनाईड 'खिशात ठेवायची गोळी' म्हणून दिली आहे, धडधड सुरू झाली की घ्यायची. सोबत बिसोप्रोलॉल रोज. धागा वाचून पोटात गोळा आला.

औषधवही

मंजिरी, घाबरू नकोस. हृदय धडधाकट असलेल्यांसाठीच ही पद्धत आहे आणि पहिला डोस देखरेखीखाली द्यायचा असतो, तसा दिला असेल. बिसोप्रोलॉल का, ते समजून घे, म्हणजे तो ती गोळी कधी विसरणार नाही. फ्लेकेनाईडने कधी कधी फिब्रिलेशनचे फ्लटर, म्हणजे वरच्या कप्प्यांची जलद पण नियमित लय, होते. एरवी फ्लटरमध्ये वरचे कप्पे मिनिटाला ३०० वेळा धडधडतात आणि एव्ही नोड त्यातले निम्मेच खाली सोडतो, म्हणजे १५०. औषधाने वरची गती २०० वर आली की एव्ही नोडला ते दोनशेच्या दोनशे झेपतात आणि सगळे खाली जातात. वरचा वेग कमी झाला आणि नाडी वाढली. बिसोप्रोलॉल हे बीटा ब्लॉकर, ते एव्ही नोडचा नाका आवळून धरते.

---

धडधडलेला

माझी वेगळी गोष्ट. वय ३१. मार्चमध्ये ऑफिसात अचानक नाडी १९०. आपत्कालीन विभागात दंडाच्या शिरेतून काहीतरी झपकन दिले. पुढचे काही सेकंद मला खरोखर वाटले की मी मेलो. इसीजीवर सपाट रेघ मी स्वतः पाहिली. नंतर नाडी ८४. कोणी आधी काही सांगितले नव्हते, हे अजून खुपते.

औषधवही

सांगायला हवे होते. अॅडिनोसिन होते ते. आम्ही विद्यार्थ्यांना बजावून सांगायचो की सुईच्या आधी रुग्णाचा हात धरा आणि म्हणा, दहा सेकंद फार वाईट वाटेल, मग संपेल. एव्ही नोडमधून फिरणारे तुमचे वर्तुळ त्याने क्षणभर पूर्ण बंद केले, म्हणून ती रेघ. रक्तात त्याचे आयुष्य दहा सेकंदांहूनही कमी, म्हणून ते झपकन आणि मागोमाग सलाईन ढकलून द्यावे लागते. चहा-कॉफीतले कॅफिन त्याला अडवते, त्यामुळे तुम्ही काय प्यालात ते आधी सांगत जा.

पुढच्या वेळी दवाखान्यात पोचेपर्यंत करण्यासारखे एक आहे, पण ते आधी तुमच्या डॉक्टरांकडून शिकून घ्या. १० मिलीच्या सिरिंजचा दट्ट्या हलेल इतक्या जोराने १५ सेकंद फुंकायचे, मग लगेच पाठीवर आडवे व्हायचे आणि दुसऱ्याने पाय ४५ अंशांत १५ सेकंद उचलून धरायचे. २०१५ मध्ये इंग्लंडमधल्या चाचणीत याने ४३ टक्के लोकांची लय जागेवर आली, नुसते बसून फुंकण्याने १७ टक्के. आणि तुमच्या वयात कायमचा उपाय म्हणून अॅब्लेशनबद्दल (शिरेतून नळी घालून ते वर्तुळ तोडणे) नक्की विचारा.

---

ओवाओली

मी वैद्य आहे. सर्पगंधेचा या विषयाशी संबंध आहे असे पुसटसे वाचले होते. ताई, सांगाल का?

औषधवही

आहे, आणि अभिमान वाटावा असा आहे. १९३१ मध्ये दिल्लीत सलीमुझ्झमान सिद्दिकी यांनी सर्पगंधेच्या मुळातून एक अल्कलॉईड वेगळे केले आणि आपले आश्रयदाते हकीम अजमल खान यांच्या नावावरून त्याला अजमलीन म्हटले. ते सोडियमची दारे अडवते, क्विनिडीनच्याच घरातले. आज युरोपात ते मुख्यतः एका तपासणीसाठी वापरतात. ब्रुगाडा नावाच्या, झोपेत अचानक मृत्यू ओढवू शकणाऱ्या आनुवंशिक आजारात इसीजी कधी कधी साफ दिसतो. रुग्णालयात, शॉकचे यंत्र शेजारी ठेवून अजमलीन शिरेतून दिले की लपलेली खूण इसीजीवर उमटते. रक्तदाब उतरवणारे रिझर्पिन हे त्याच मुळातले वेगळे अल्कलॉईड. मुळाचे चूर्ण ठोक्यांसाठी घरी घेऊ नये, हे मात्र तुम्हीच माझ्यापेक्षा ठामपणे सांगाल.

ओवाओली

हो, ठामपणे सांगते. घेऊ नये.

---

खळ्यातला

अवांतर: लहानपणी आम्ही पिवळ्या कण्हेरीच्या बिट्ट्यांनी खेळायचो. आजी ओरडायची, तोंडात घालू नका, काळीज थांबेल. खरे होते का?

औषधवही

आजीचे शब्दशः खरे होते, आणि अवांतरही नाही. बिट्टीतली विषे डिगॉक्सिनची सख्खी भावंडे आहेत. ती सोडियम बाहेर टाकणारा पेशीचा पंप बंद पाडतात, मग पेशीत कॅल्शियम साठते. अगदी मोजक्या प्रमाणात डिगॉक्सिन याच वाटेने थकलेल्या हृदयाचे आकुंचन सुधारते आणि एव्ही नोड मंद करते. प्रमाण जरा चुकले की नाका बंद पडतो आणि खालून जादा ठोके सुटतात. लहान मुलाने बी चावल्याची शंका जरी आली तरी उलटी काढण्यात वेळ घालवू नका, थेट इसीजी मॉनिटर असलेले रुग्णालय गाठा.

---

पाटावरची_नात

आजीचे ठोके औषधाने नियमित झाले. आता घरात मत पडले आहे की रक्त पातळ करायची गोळी बंद करावी. लहानपणी तिला सांध्यांचा ताप येऊन गेला होता आणि झडप अरुंद आहे.

औषधवही

कृपा करून बंद करू नका. एट्रियल फिब्रिलेशनमध्ये वरचा कप्पा नुसता थरथरतो, त्याच्या कोपऱ्यातल्या पिशवीत रक्त साकळते आणि गुठळी मेंदूत जाते. नाडी मोजताना ठोके बरोबर वाटले तरी रात्री तासभर लय सुटलेली असू शकते, आणि ती आजीला जाणवणारही नाही. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या 'अफर्म' चाचणीत पक्षाघात झालेल्यांपैकी बहुतेकांनी एकतर ही गोळी सोडलेली होती किंवा त्यांचा आयएनआर (रक्त किती पातळ झाले ते सांगणारा आकडा) कमी होता.

सांध्यांच्या तापाने अरुंद झालेल्या झडपेचे तर आणखी वेगळे आहे. वरचेवर आयएनआर तपासणी न लागणाऱ्या नव्या गोळ्या इतरांना चालतात. पण २०२२ च्या 'इन्व्हिक्टस' चाचणीत अशा रुग्णांमध्ये रिव्हारोक्सॅबॅनपेक्षा जुन्या वॉर्फरिन गटातल्या गोळ्या घेणारे जास्त जगले. तेव्हा आयएनआरचा कंटाळा आला म्हणून कोणी गोळी बदलून मागू नका.

---

नीलकंठी

ताई, धागा वाचून आईची फाईल काढली. वय ६८. अॅमिओडॅरोन चार वर्षे चालू, सोबत रक्त पातळ करायची असेनोकौमरॉल. थायरॉईड एकदाही तपासलेले नाही. वर्षभर ती थकलेली आहे, उन्हाळ्यातही शाल घेते, आवाज घोगरा झाला आहे. आम्ही म्हणत होतो वय झालं.

औषधवही

नीलकंठी, उद्याच टीएसएच करा, सोबत यकृताच्या तपासण्या आणि छातीचा एक्सरे. कोरडा खोकला किंवा जिना चढताना नव्याने धाप लागत असेल तर डॉक्टरांना आधी ते सांगा, हे औषध क्वचित फुप्फुसाला सूज आणते. बाहेर जाताना छत्री, कारण उन्हात त्वचा भाजते. अॅमिओडॅरोनमुळे असेनोकौमरॉलचा परिणाम वाढतो आणि थायरॉईड बदलला की तो पुन्हा बदलतो, म्हणून आयएनआरही याच आठवड्यात. गोळी मात्र स्वतःहून थांबवू नका.

नीलकंठी

(नऊ दिवसांनी) रिपोर्ट आले. टीएसएच २२. एक्सरे आणि यकृत ठीक. आयएनआर २.४. डॉक्टर म्हणाले, ठोक्यांसाठी अॅमिओडॅरोन हवेच आहे, ते चालू ठेवू आणि थायरॉईडची २५ ची गोळी जोडू. सहा आठवड्यांनी पुन्हा रक्त, आयएनआर मात्र पुढच्या आठवड्यापासूनच लागोपाठ. थायरॉईडची गोळी पहाटे उपाशीपोटी, ठोक्यांची नाश्त्यानंतर. आईने दोन्ही वेळा स्वयंपाकघरातल्या कॅलेंडरवर लिहून ठेवल्या आहेत.